राक्षसाचं हुश्श

खुडबुडे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. पण ज्या माणसाचा धंदाच खुडबुड करण्याचा, त्याला लोकांनी दुसरं काय म्हणावं? पडद्यावर नायिका जिना उतरली की हे अंधाऱ्या खोलीत बायकी चपला अडकवून जागच्या जागी पावलं टाकायचे. पडद्यावर कोणाचं हाड मोडलं की हे शिळा पाव मोडायचे, आणि कोणी कोणाच्या मुस्कटात दिली की स्वतःच्या मांडीवर चापट मारून घ्यायचे. सिनेमातले जे आवाज आपोआप येतात असं आपल्याला वाटतं ते कोणीतरी बसून काढलेले असतात, आणि ते काढणारे हे. नाव पडलं ते चिकटलंच. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या सिनेमाच्या पाट्या रंगवणाऱ्याने तर ‘आवाज : खुडबुडे’ असंच लिहून ठेवलं, आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत प्रती थिएटरांत पोचल्या होत्या. बायको त्यावर आठवडाभर हसत होती.

तोच सिनेमा आज दुपारी, इतक्या वर्षांनी, धुऊनपुसून पुन्हा मोठ्या पडद्यावर लागणार होता, आणि खुडबुड्यांचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. त्यांनी एक शर्ट घातला, काढला, दुसरा घातला, आणि पुन्हा पहिलाच घातला. चहाचं आधण ठेवून गच्चीत जाऊन उभे राहिले आणि करपल्याचा वास आल्यावर खाली आले. मुलगी न्यायला आली तेव्हा ते बूट घालून पलंगाच्या कडेला बसले होते, तासाभरापासून.

“बाबा, सिनेमा तुमचा आहे. परीक्षा असल्यासारखे काय बसलायत?” ती म्हणाली.

“वेळेवर निघालेलं बरं,” ते म्हणाले.

“वेळेवर? तिथले झाडूवालेसुद्धा आले नसतील अजून.”

मुलगी दवाखान्यात दातांची डॉक्टर होती, दोन मुलांची आई होती, आणि तिने हा सिनेमा जन्मात पाहिला नव्हता. लहानपणी तिला पाहू दिला नाही आणि मोठेपणी तिने पाहिला नाही. घरात त्याला ‘कोबीचा सिनेमा’ म्हणत, कारण त्यातल्या माणसाची कातडी सोलली जाते तेव्हाचा आवाज कोबीच्या गड्ड्याचा होता. ते आवाज भरण्याच्या दोन महिन्यांत घरातली भाजी इतक्या वेळा गायब झाली, की शेवटी बायकोने स्वयंपाकघराला कडी घालायला सुरुवात केली. ‘राक्षसाला जेवू घालते आहे मी, नवरा आपला उपाशी,’ असं ती शेजारणीला सांगायची.

बायको जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. आणि आजच्या घालमेलीचं मूळ सिनेमात नव्हतं, तिच्यात होतं.

मागच्या महिन्यात मुलगी कपड्यांच्या घड्या घालता घालता सहज म्हणाली होती, “बाबा, मला आईचा आवाज आठवेनासा झालाय. ती काय बोलायची ते सगळं आठवतं. पण आवाजच येत नाही, नुसते शब्द येतात. तुमच्याकडे असेल ना कुठंतरी भरून ठेवलेला?”

खुडबुड्यांनी दारांच्या बिजागऱ्या भरून ठेवल्या होत्या, कुत्र्यांची भांडणं, बोटींचे भोंगे, न्हाव्याची कात्री, झोपलेल्या चौकीदाराचं घोरणं, सगळं सगळं. बायको तेवढी भरायची राहिली होती. दोष अगदीच त्यांचाही नव्हता. माइक दिसला की ती तोंडाला कुलूप लावायची. ‘तो दांडका आधी बाजूला घ्या, मग बोलते,’ म्हणायची, आणि दांडका बाजूला घेतल्यावर जे बोलायची ते हवेत जायचं. मुलगी निघून गेल्यावर ते रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले, आणि उजाडता उजाडता त्यांना आठवलं. एका जागी ती आहे. राक्षसाच्या तोंडात.

झालं होतं असं. त्या सिनेमाचा शेवटचा आवाज काही केल्या जमत नव्हता. पोहायला शिकवणारा एक मास्तर, त्याच्या अंगावर हळूहळू शिंपल्यासारखं कवच चढत जातं, बोटं चिकटतात, जीभ जाते, त्याचा राक्षस होतो, आणि शेवटी तो न्हाणीघरातल्या टबात पडून असतो आणि त्याची बायको त्याला सोडून जात नाही, अशी ती गोष्ट. शेवटी ती त्याच्या पाठीवर जिथं अजून मऊ जागा उरली आहे तिथं हात ठेवते, आणि तो एक आवाज काढतो, आणि संपतो. तो आवाज काय असावा यावर दिग्दर्शकाने खुडबुड्यांचा पिच्छा पुरवला होता. घुरघुर नको, हुंदका नको, किंकाळी तर नकोच. ‘सुटल्यासारखं वाटलं पाहिजे,’ एवढंच तो म्हणायचा. खुडबुड्यांनी नळाच्या पाइपाचा खोल घोगरा आवाज भरला होता, पण तो ऐकताना नुसता पाइपच ऐकू यायचा.

एका दुपारी ते स्टुडिओत माइक चालू ठेवून डोकं धरून बसले होते. दार ढकलून बायको जेवणाचा डबा घेऊन आली. लिफ्ट बंद पडली होती, म्हणून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आली होती. डबा टेबलावर टेकवला, आणि म्हणाली, “हुश्श.”

तिच्या पुढच्या दोन दातांत फट होती. त्यामुळे तिच्या ‘श्श’च्या टोकाला बारीकशी शीळ वाजायची. खुडबुड्यांनी वर पाहिलं, आणि टेप फिरत असलेली पाहिली. जेवण तसंच राहिलं. ‘हू’वर त्यांनी पाइपाचा घोगरा आवाज चढवला, ‘श्श’ मात्र जसाच्या तसा ठेवला, उघडा. दिग्दर्शकाने ऐकलं आणि खुर्चीतून उठून त्यांना मिठी मारली. बायकोला सांगितल्यावर ती आधी चिडली, मग तिने विचारलं, “म्हणजे राक्षस मी झाले?” आणि मग आयुष्यभर, कोणाशी भांडण झालं की, ‘माझ्या नादी लागू नका, मी सिनेमात काम केलंय,’ म्हणत राहिली. मुलगी तेव्हा लहान होती. तिला वाटायचं, आई उगीच काहीतरी म्हणते.

तर ते मुलीला ऐकवायचं, असं खुडबुड्यांनी ठरवलं. आधी सांगायचं नाही, हेही ठरवलं. सांगितलं की कान सांगितलेलं ऐकतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? हाड म्हणून सांगा, लोकांना पावात हाड ऐकू येतं. तिने आपलं आपण ओळखलं तरच ते खरं. मूळ टेप तर तेव्हाच पुसून दुसऱ्या कामाला वापरली गेली होती. बाजारात फिरणाऱ्या प्रतींचा उपयोग नव्हता, त्यांत शेवटच्या प्रसंगावर कोणीतरी गाणं चिकटवून ठेवलं होतं. पण सिनेमांच्या संग्रहालयाला एक जुनी प्रत सापडली होती आणि तिची दुरुस्ती चालू होती. दुरुस्ती करणारी बाई एके काळची त्यांचीच विद्यार्थिनी, सगळ्यांत तयार कानाची. सगळं कसं जुळून आलं होतं.

आणि चार दिवसांपूर्वी त्या विद्यार्थिनीचा फोन आला.

“सर, लख्ख केलाय तुमचा सिनेमा. टेपची सरसर कणभर ठेवली नाही. शेवटच्या प्रसंगात तर राक्षसाच्या आवाजाला ही एवढी लांब सरसरीची शेपटी होती, वर कसलीशी शीळ. मशीनचा दोष असणार. सगळी छाटली. तुम्हीच शिकवलंत ना, जे चित्रात नाही तो कचरा.”

“छान,” खुडबुडे म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ फोनकडेच बघत बसले.

चार दिवस त्यांनी उलटा फोन केला नाही. आता कोणी म्हणेल, का नाही केला? नुसतं विचारायला काय झालं होतं? पण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर येईपर्यंत निदान आशा तरी होती. कदाचित ती दुसऱ्याच शेपटीबद्दल बोलत असेल. कदाचित थोडं उरलं असेल. ज्या वाक्याने त्यांनी पिढीभर पोरांना शिकवलं, त्याच वाक्याने आपली बायको झाडून टाकली गेली, हे त्यांना स्वतःच्या तोंडाने म्हणायचं नव्हतं. भित्रे होते म्हणा हवं तर.

संग्रहालयाच्या इमारतीत ते पोचले तेव्हा खरोखरच झाडू चालू होता. मग हळूहळू माणसं आली, बहुतेक तरुण, काही जुने. सिनेमाआधी एक अभ्यासक बोलायला उभे राहिले. त्यांनी सांगितलं, की शेवटचा तो प्रसिद्ध आवाज म्हणजे नायकाने बायकोचं नाव उच्चारण्याचा केलेला अखेरचा प्रयत्न आहे. खुडबुड्यांनी खुर्चीत चुळबुळ केली. तसं बघितलं तर तेही फारसं चुकीचं नव्हतं.

“पाय हलवू नका, सगळी रांग हलतेय,” मुलगी कुजबुजली.

दिवे गेले.

खुडबुडे सिनेमा बघत नव्हतेच, ते ऐकत होते. मास्तर पाण्यात उडी मारतो, ते घरचं पिंप. तो आरशात खांद्यावरचा पहिला खरबरीत ठिपका बघतो आणि नखाने खरवडतो, ती अंड्याची टरफलं. पहिली पट्टी सोलून निघते तेव्हा सगळ्या थिएटरने आवंढा गिळला आणि मुलीने डोळ्यांवर हात घेतला.

“कोबी,” खुडबुडे हळूच म्हणाले.

“कळतंय मला कोबी आहे ते,” ती बोटांच्या फटीतून बघत म्हणाली, “तरी बघवत नाही.”

पण मग बायको आली पडद्यावर, आणि मुलीचे हात खाली आले. ती बायको काही शूरवीर नव्हती. पहिल्यांदा ते कवच बघून ती न्हाणीघराबाहेर पळते आणि जिन्यात बसून राहते, आणि मग परत येते ती तेलाची बाटली घेऊन. ती त्याला तेल लावते आणि तेल लावता लावता त्याच्यावर रागावते, की तू आधी का नाही सांगितलंस. तो बोलू शकतो तोवर विनोद करतो. बोटं चिकटल्यावर ती त्याला चमच्याने भरवते, आणि चमचा दातांना नाही, कशालातरी दुसऱ्याच गोष्टीला लागतो. तो चमचा बशीवर वाजवून काढलेला होता. तरीही खुडबुड्यांच्या अंगावर काटा आला. आपणच काढलेल्या आवाजाला आपण घाबरावं, हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

बायकोच्या आजारपणात तेही असेच भरवत होते. तिचंही अंग तिचं राहिलं नव्हतं, सुजलं होतं, रंग बदलला होता, आणि ती म्हणायची, ‘आता खरी राक्षसीण दिसते मी.’ हे त्यांना तेव्हा आठवायला हवं होतं की नको होतं कोण जाणे, पण आठवलं. सिनेमा काढला तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की आपण भीतीचा सिनेमा काढतोय. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिचे डोळे वाहत होते आणि ती पुसत नव्हती. तिलाही तेच आठवत असणार. आईचे पाय चेपणारी तीच होती.

शेवट जवळ आला तशी त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर वाजायला लागली. मुलीने न बघताच त्यांचा हात धरून ठेवला. न्हाणीघर. ठिबकणारा नळ. बायको टबाशेजारी फरशीवर बसलेली, गाल टबाच्या कडेला टेकवलेला. ती हात पुढे करते, पाठीवरची ती मऊ जागा तिला अंधारातही सापडते. राक्षसाचं तोंड उघडतं.

‘हू,’ पाइप घोगरला.

आणि मग काही नाही.

कसली सरसर नाही, कसली शीळ नाही. इतकी स्वच्छ शांतता, की मागच्या रांगेतल्या कोणाचा तरी गिळलेला हुंदका ऐकू आला. पडदा काळा झाला. लोक टाळ्या वाजवायला लागले, कितीतरी जण उभे राहिले, आणि पाट्यांवर ‘आवाज : खुडबुडे’ आलं तेव्हा काही जण हसले आणि टाळ्या वाढल्या. खुडबुडे बसूनच होते. त्यांना वाटलं, आपली बायको आज दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी आपण शेजारीच बसलो होतो.

मुलगी नाक ओढत उठली. “मी तोंड धुऊन येते,” म्हणाली. “काय सिनेमा आहे हो बाबा. कोबीचा सिनेमा म्हणून आपण याची टिंगल करत होतो?”

ती गेली आणि विद्यार्थिनी धावत आली, चेहरा खुललेला. “सर, ऐकलंत? टाचणी पडली असती तरी कळलं असतं.”

“ती शेपटी,” खुडबुडे म्हणाले. “शेवटची. ती कुठंय?”

“सरसर? काढली की. सांगितलं होतं ना फोनवर.”

“ती सरसर नव्हती,” ते म्हणाले. “बायको होती माझी.”

विद्यार्थिनीच्या तोंडचं हसू तसंच राहिलं आणि डोळ्यांतलं गेलं. खुडबुड्यांनी तिला डबा, माइक, मुलीचं ते घड्या घालतानाचं बोलणं, सगळं घाईघाईने, उलटसुलट सांगून टाकलं. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला, मग फाटला.

“मी वीसदा ऐकली ती शीळ,” ती म्हणाली. “एकदाही मनात आलं नाही की ते माणूस असेल. खाली चला, सर. काढलेलं सगळं मी वेगळं ठेवते. कचऱ्याबरोबर चुकून काही चांगलं गेलं का, ते बघायला. आणि मी बघितलं होतं हो, नीट बघितलं होतं.”

“मुलीला काही बोलायचं नाही,” खुडबुडे म्हणाले. “कोण, कुठलं, कशाचं, एक अक्षर नाही.”

“नाही बोलत.”

तळमजल्यावरची तिची खोली बिनखिडकीची होती, भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या. मुलगी रुमालाने तोंड पुसत त्यांच्यामागून खाली आली आणि दारातच थबकली. “आता इथं काय?”

“एक गंमत ऐक,” खुडबुडे म्हणाले. “बस तिथं.”

विद्यार्थिनीने मुलीच्या कानांवर मोठे हेडफोन चढवले. हेडफोन एकच होता. खुडबुडे समोरच्या स्टुलावर बसले, उठले, पुन्हा बसले. जन्मभर ज्यांनी कानांनी जग पाहिलं, त्यांना आता काहीही ऐकू येणार नव्हतं. बघण्यापलीकडे हातात काही नव्हतं.

विद्यार्थिनीने कळ दाबली. मुलीच्या कपाळावर आठी पडली. “नुसती वाळू पडल्यासारखा आवाज आहे,” ती मोठ्याने म्हणाली, हेडफोन घातलेली माणसं बोलतात तशी. “हे काय ऐकायचं?”

खुडबुड्यांनी बोट वर केलं. थांब.

हुश्श काय, सगळेच म्हणतात. पण त्यांच्या घरात त्या हुश्शचे प्रकार होते, आणि घरातला कोणीही पाठमोरा बसूनसुद्धा ते ओळखायचा. पाहुणे गेल्यावर दार लावून म्हटलेलं वेगळं, लांबलचक आणि आत हसू असलेलं. धुणं वाळत घातल्यावरचं वेगळं, आखूड, कमरेवर हात ठेवून. त्यांना यायला उशीर झाला की ती खिडकीतून आत वळताना म्हणायची ते तर अगदीच वेगळं, त्यात पुढचं भांडण असायचं. हे सगळं मुलीलाही ठाऊक होतं. निदान एके काळी ठाऊक होतं. पण इथं तर ‘हू’ पाइपाखाली गेलेला, उरला होता तो अर्धाच शब्द, तोही कचऱ्यातून वेचलेला. एवढ्यावर कोण ओळखणार? आपण उगीच हट्ट धरला. सरळ सांगून टाकायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मुलगी हलायची थांबली.

तिची आठी गेली. रुमाल हातातून मांडीवर पडला. तिने हेडफोनवर दोन्ही तळवे दाबून धरले आणि विद्यार्थिनीकडे न बघताच, पुन्हा, अशी मान हलवली. विद्यार्थिनीने पुन्हा लावलं. मग तिने पुन्हा मान हलवली, आणि पुन्हा लावलं गेलं. खुडबुडे तिच्या ओठांकडे बघत होते, पण ओठ घट्ट मिटलेले होते.

किती तरी वेळाने तिने एका कानावरून हेडफोन बाजूला केला. डोळे तुडुंब भरले होते, पण आवाज अगदी साधा होता, घरच्यासारखा.

“बाबा,” तिने विचारलं, “लिफ्ट बंद होती का त्या दिवशी?”